रविवारी बडोद्यात कोण असतं?

पत्र थोडक्यात: वय ४१, मूळ ठाण्याचे. पत्नी बँकेत अधिकारी. तिला बढतीवर बडोदा मिळालं म्हणून चौदा महिन्यांपूर्वी सगळं घर हललं, सोबत आई आणि चौथीतली मुलगी. यांची कंपनी मुंबईचीच, काम घरून. घर मोठं आहे, भाडं परवडतं, पत्नी बारा मिनिटांत बँकेत पोचते, मुलगी रुळली आणि आई तर भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करते. 'माझंच काही जमत नाही. इथे माझं असं कोणी नाही. गुजराती येत नाही आणि इथल्यांचं मराठी कानाला खटकतं. मासे खातो म्हणून दोन घरमालकांनी नकार दिला. शेजारचे काका दर दोन दिवसांनी विचारतात, तुम्ही नक्की करता काय? दर दुसऱ्या शुक्रवारी ठाण्याला जातो, तेव्हा कुठे बरं वाटतं. उत्तरायणाच्या सुट्ट्या जोडून आल्या तेव्हाही गेलो. आता पत्नी म्हणते, ठाण्याचा फ्लॅट विकू आणि इथे घर घेऊ. तिथल्या भाडेकरूचा करार मार्चमध्ये संपतोय. मी तिच्यासाठी इथे आलो, पण लहान शहर माझ्या स्वभावातच नाही. हे तिला कसं सांगू?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. चौदा महिने म्हणजे साठेक रविवार. त्यातले तीस ठाण्यात. गणपती ठाण्यात, हे तर सांगायलाच नको. दिवाळीही तिकडेच झाली असणार. उत्तरायण ठाण्यात, ते तुम्हीच लिहिलंय. उरलेल्या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तुम्ही मुंबईच्या माणसांशी मुंबईच्या कामाबद्दल बोलत होतात. मग तुम्ही बडोद्यात राहिलात कधी?

रागावून विचारत नाही. पण 'हे शहर माझ्या स्वभावात बसत नाही' असं म्हणायला आधी त्या शहराशी थोडी उठबस झालेली असावी लागते. तुमच्या चौदा महिन्यांत ती झालेली दिसत नाही.

ठाण्यात ओळख आपोआप होते. ठरलेली लोकल, ठरलेला डबा, स्टेशनबाहेरचा वडापाववाला, ऑफिसातली चार टाळकी. कोणी कोणाच्या घरी जात नाही आणि तरी माणूस एकटा पडत नाही. बडोद्यात हे उलटं आहे. इथे ओळखी घरात होतात, ओट्यावर होतात, सोसायटीच्या पटांगणात होतात. आणि होतात त्या बहुतेक सुट्टीच्या दिवशी. १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, अख्खं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं. ज्या काकांना तुमच्या पोटापाण्याची काळजी लागून राहिली आहे, ते त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून कोणाच्याही पोराची फिरकी धरून उभे राहतात. एका टाकीच्या सावलीत उंधियूचं पातेलं, दुसरीकडे जिलबी. कोणाचं काय, विचारायची पद्धत नाही. नेमके ते दोन दिवस तुम्ही ठाण्यात होतात. तुमची मुलगी ठाण्याला नसेल गेली तर तिला विचारा, त्या गच्चीवर काय झालं ते.

आता 'लहान शहर'. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आत होती आणि बडोद्याची साडेसोळा लाखांच्या वर. म्हणजे तुम्ही सोडलंत ते गाव आणि आलात ते गाव डोक्यांच्या मोजणीत जवळजवळ सारखंच. ठाणं मोठं वाटतं कारण ते मुंबईला चिकटलेलं आहे. तुम्हाला आठवतंय ती मुंबईची भव्यता, राहत होतात मात्र ठाण्यात. नाटकाला गडकरी रंगायतन, फिरायला तलावपाळी आणि बाकीचा दिवस प्रवासात. बडोदं कोणाला चिकटलेलं नाही. त्याचं विद्यापीठ, संग्रहालय, कारखाने, राजवाडा, सगळं त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. म्हणूनच इथल्या माणसाला अहमदाबादला जायला शंभर-सव्वाशे किलोमीटर म्हणजे काही फार नाही, पण जायची गरज वाटत नाही. हा स्वभाव बाहेरून आलेल्याला आळस वाटतो. मलाही वाटला होता.

मी १९९१ साली सांगलीहून लग्न होऊन दांडिया बाजारात आले. (तुम्ही लिहिता, 'मी तिच्यासाठी इथे आलो.' मला त्या वेळी कोणी विचारलं नाही की बाई, तू कोणासाठी आलीस. आले, एवढंच. हे टोमणा म्हणून नाही, पुढे त्याचं काम आहे.) पहिल्याच मे महिन्यात शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, 'आज फार ताप आहे गं.' मी त्यांना खुर्चीवर बसवलं, कपाळाला हात लावला आणि धावत जाऊन तापाची गोळी आणि पाणी घेऊन आले. काकू गोळीकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. ताप म्हणजे ऊन. गुजरातीत उन्हाला ताप म्हणतात आणि बडोद्याच्या मराठीत तो कधीचा येऊन बसला आहे. त्या गोळीवरून मला पुढची दहा वर्षं चिडवलं.

तरीही वर्षभर मी लोकांची भाषा दुरुस्त करत असे. 'वार लागेल नाही, वेळ लागेल.' एकदा सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, 'सूनबाई, गायकवाडांनी बडोदं घेतलं १७३४ मध्ये. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापलं १८३६ मध्ये. आमची माणसं निघाली तेव्हा तुमची शुद्ध मराठी छापून व्हायची होती.' मी परत कोणाला दुरुस्त केलं नाही.

तुमच्या कानाला खटकणारं मराठी हे बिघडलेलं ठाणं नव्हे. इथली मराठी घरं पावणेतीनशे-तीनशे वर्षं इथली आहेत. त्यांच्यात 'आपली माणसं' शोधायला गेलात तर निराशा होईल, कारण ती तुमची ठाण्याची माणसं नाहीत. बडोद्याची माणसं म्हणून गेलात तर दार उघडं आहे. सयाजीरावांची गोष्ट मी सांगत बसत नाही, इथला प्रत्येक जण ती तुम्हाला सांगेलच. एवढंच लक्षात ठेवा की तोही नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली गादीसाठी आणलेला बारा वर्षांचा मुलगा होता, आणि त्याला बसवून मराठीबरोबर गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकवली गेली. आल्याआल्या शिकवणी लागली ती भाषांची.

काकांचा प्रश्न. 'तमे शुं करो छो?' तुम्हाला तो चौकशीसारखा टोचतो, आणि मला वाटतं, टोचतो त्याचं कारण काका नाहीत. बायको सकाळी गाडी काढून बँकेत जाते आणि पुरुष दिवसभर घरात, हे चित्र तुमच्याच मनाला अजून पटलेलं नाही. व्यापाऱ्यांच्या गावात 'काय करता' हा प्रश्न 'कुठले तुम्ही' सारखा असतो. उत्तर मिळालं की तुमचं नाव एका खान्यात पडतं आणि मग त्या खान्यातली माणसं तुमच्याकडे पाठवली जातात. तुम्ही दर वेळी 'घरूनच काम करतो' एवढं पुटपुटून जिना चढत असाल तर खाना रिकामाच राहणार आणि प्रश्न पुन्हा येणार. एका रविवारी काकांना वर बोलवा, चहा द्या, लॅपटॉप उघडून दाखवा काय करता ते. त्यांना कळणार काही नाही. पण सोमवारपासून ते लोकांना सांगतील, 'मोटुं काम करे छे.'

आणि आता कंसातल्या वाक्याचं काम. तुमच्या पत्रात पत्नीबद्दल तीनच गोष्टी आहेत: तिची बढती, तिचा बारा मिनिटांचा रस्ता आणि तिचा घर घ्यायचा प्रस्ताव. तिला इथे कसं वाटतं, हे नाही. कदाचित तिलाही नवी शाखा आणि नवे वरिष्ठ जड जात असतील, आणि एक आड एक शनिवार-रविवार नवरा ठाण्यात असल्यामुळे ते सांगायला माणूस नसेल. मुलीला शाळा तयार मिळाली, पत्नीला बँक तयार मिळाली, आईंनी भाजी बाजार जिंकून घेतला. तुम्हाला मात्र इथे तयार जागा कोणीच देत नव्हतं, ती करावी लागणार होती. हे अवघड आहे, आणि लग्न होऊन गाव बदललेल्या बायकांना विचारलंत तर त्या सांगतील की किती अवघड. पण तो बडोद्याचा दोष नाही, बदलीचा आहे. उद्या पुण्याला गेलात तरी हेच झालं असतं, फक्त पाट्या वाचता आल्या असत्या.

माशांचं म्हणाल, तर तुमचा राग अगदी रास्त आहे आणि मी तो मवाळ करणार नाही. ताटात काय आहे यावरून घर नाकारणं वाईटच. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबियातून शिकून याच संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना जातीपायी या शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी खानावळीत नाव लपवून काढलेले दिवस, तिथून हुसकावणं आणि मग कमाटी बागेतल्या झाडाखाली बसून राहणं. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. तुमची आणि त्यांची तुलना होऊ शकत नाही. तुम्हाला तिसरं घर मिळालं, त्यांना तीही वाट नव्हती. तरी बागेत फिरायला जाल तेव्हा तिथे जाऊन या. हे शहर गोड बोलतं, आणि घराच्या दारात कधीकधी वेगळं वागतं. दोन्ही माहीत असलेली बरी. ताज्या बोंबलांचं दुःख मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. दारूबंदीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तेव्हा मीही विषय काढत नाही.

आता घराचा व्यवहार, कारण मार्च जवळ आहे आणि हे उत्तर तुमच्यासारख्या इतरांनाही लागेल.

ठाण्याचा फ्लॅट इतक्यात विकू नका. पत्नीलाही मी हेच सांगितलं असतं. भाडेकरूला अकरा महिने वाढवून द्या. विकायचा निर्णय रुसव्यात घेऊ नये तसा तो भरातही घेऊ नये, आणि तुमच्या घरात सध्या एक जण रुसला आहे, दुसरी भरात आहे. शिवाय तुमची नोकरी मुंबईची आहे. उद्या कंपनीने ऑफिसात बोलावलं किंवा ती सुटली, तर तुमच्या क्षेत्रात बडोद्यात किती जागा आहेत, हे आधी नीट शोधा. इथे रसायनं, औषधं, अभियांत्रिकी यांच्या कंपन्या भरपूर. बाकी क्षेत्रांत मुंबईसारखी एक सोडून दुसरी पकडायची सोय नाही. मध्यम शहराची खरी मर्यादा ही. तुम्ही मासे आणि भाषा यांबद्दल लिहिलंत, हिच्याबद्दल नाही.

तोवर घरं बघत राहा, बघायला पैसे पडत नाहीत. पण बघायची ती पावसाळ्यात, भर पावसाच्या दुसऱ्या दिवशी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६ फूट आहे. आजव्याच्या तलावाचं पाणी आणि वरचा पाऊस एकत्र आला की ही एरवी नाल्यासारखी दिसणारी नदी शहरात शिरते आणि सोबत मगरी आणते. थट्टा नाही, सोसायट्यांच्या आवारातून मगरी धरून नेल्या त्या वर्षी. दलाल सांगेल, 'आपणे त्यां पाणी नथी आवतुं.' त्याला विचारू नका. समोरच्या किराणावाल्याला विचारा, 'चोवीस साली पाणी कुठवर होतं?' तो कमरेला हात लावून दाखवेल नाहीतर हसेल. इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर मातकट रेघ दिसते का बघा, आणि विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर बसवलेत तेही. पाणी बघितलेली सोसायटी मीटर वर नेते.

दुसरं, जुन्या शहरात आणि आसपासच्या बऱ्याच भागांत अशांतधारा लागू आहे. तिथे मालमत्ता विकायची-घ्यायची तर कलेक्टरची आधी परवानगी लागते. बानाखत करण्याआधी, म्हणजे आपण ज्याला साठेखत म्हणतो त्याआधी, हे वकिलाकडून तपासून घ्या. घर महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर, हेही. हद्दीबाहेर दर कमी दिसतो, मग पिण्याचं पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं हे विचारलं की दलाल जिम आणि क्लबहाऊस दाखवायला लागतो.

आणि तुमची गाडी. ठाण्याची म्हणजे एमएच ०४ असणार. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, असा कायदाच आहे. तुमचे चौदा झाले. ठाण्याच्या आरटीओतून ना-हरकत आणायची, इथे कर भरायचा, जीजे ०६ घ्यायचा आणि तिकडच्या उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करायचा. कटकट आहे, चार खेपा होतील. पण मला असंही वाटतं की ती पाटी तुम्ही विसरला नाहीत, राहू दिलीत.

आता तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते. एप्रिल, मे, जून. तीन महिने ठाण्याला जायचं नाही. कोणी आजारी असलं, लग्न असलं तर अर्थात जा. नुसतं बरं वाटावं म्हणून नाही. मे महिना मी मुद्दाम त्यात घातला आहे. ४२-४३ अंशांत हे शहर आवडलं तर पुढे काही अडचण नाही.

या तीन महिन्यांत घरातून उठून कुठेतरी कामाला जा. अलकापुरीत, सयाजीगंजमध्ये भाड्याने टेबल-खुर्ची मिळते, आठवड्यातून तीन दिवस घ्या. दुपारी कोणाबरोबर तरी डबा खाल्ला पाहिजे. सकाळी कमाटी बागेत फिरायला जा, पण एकाच वेळी, एकाच फाटकातून. वेळ बदलणाऱ्या माणसाला फिरायला येणारे लोक ओळख देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तीच वेळ पाळलीत तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी 'काले न आव्या?' म्हणून विचारतं.

गुजराती बोलायची घाई करू नका, आधी वाचायला शिका. शिरोरेषा काढून टाकली की निम्मी अक्षरं आपलीच. क, ज, फ, ब अशी काही अडवतात, तेवढी मुलीकडून पाठ करून घ्या. तिला शाळेत ती शिकवतातच, आणि बापाला शिकवायला मिळालं तर ती खूश होईल. बसवरचं गावाचं नाव वाचता आलं की परकेपणा बराच उतरतो, हे मी सांगलीच्या पोरीने अनुभवलेलं आहे. आणि वाचायला मराठी हवं असेल तर मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १९१० चं. तिथे मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे आणि कपाटांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना आपण चप्पल काढावी की काय असं वाटतं. मराठी नाटक इथे क्वचित येतं, आणि येतं तेव्हा बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मराठी वाङ्मय परिषदेच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन नंबर देऊन या. २०१८ चं साहित्य संमेलन बडोद्यात त्यांनीच भरवलं होतं. सरासरी वय जास्त वाटेल, पण वडापाव उत्तम करणाऱ्या तीन बायका मला तिथेच भेटल्या.

एवढं करूनही जूनच्या शेवटी तुम्हाला वाटलं की नाही, हे आपलं नाही, तर ते खरं धरा. मग बायकोला 'लहान शहर माझ्या स्वभावात नाही' असं सांगू नका. त्यावर तिला फक्त अपराधी वाटेल आणि उत्तर देता येणार नाही. 'मला नोकरीची भीती वाटते', 'मला दिवसभर बोलायला कोणी नसतं', 'काकांच्या प्रश्नाची लाज वाटते' असं सांगा. त्यांतल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं, कधी बडोद्यात, कधी बदली मागून. आणि हे बोलणं जूनपर्यंत लांबवायचं कारण नाही. फ्लॅटचं तरी या आठवड्यातच बोला. 'विकायचा नाही असं नाही, अकरा महिने थांबू' हे वाक्य तिला पटण्यासारखं आहे. मग तिलाही विचारा, तिचं कसं चाललंय.

आईंसाठी एक निरोप आहे. कार्तिकी एकादशीला मांडवीहून विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, गायकवाडांच्या काळापासूनचा. त्यांना पंढरपूरची आठवण येत असेल तर यंदा घेऊन या, आणि तुम्हीही या. सकाळी लवकर निघा. गाडी मात्र आणू नका, मग तिच्यावर कुठलाही नंबर असो. न्यायमंदिरापर्यंत रिक्षा करा, पुढे चालत या.